घरचे दोन नमुने

माझं काम चारचौघांत सांगण्यासारखं नाही. कोणी विचारलं की मी "प्रयोगशाळेत असते" म्हणून विषय बदलते. फारच खोदून विचारलं तर सांगून टाकते, की मी माणसांची विष्ठा तपासते, एकवीस वर्षं तेच करते. मग समोरचा माणूस हातातला कप खाली ठेवतो आणि मला निवांतपणा मिळतो.

गेली दोन वर्षं आमच्याकडे एकाच गोष्टीचा शोध चालू होता. प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्या पुरुषांच्या आतड्यात कोणते जंतू असतात, आणि ते धडधाकट पुरुषांपेक्षा वेगळे असतात का. प्रोस्टेट कुठे आणि आतडं कुठे, असं मलाही आधी वाटलं होतं. मग सरांनी, म्हणजे आमच्या विभागाच्या प्रमुखांनी, समजावलं. हा कॅन्सर पुरुषी हार्मोनवर पोसतो, म्हणून डॉक्टर इंजेक्शनं देऊन ते हार्मोन बंद करतात. तरीही काही जणांचा आजार पुन्हा डोकं वर काढतो. उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की आतड्यातले काही जंतू स्वतःच तसलं हार्मोन तयार करतात आणि मागच्या दाराने रोगाला पुरवतात. माणसांत काय होतं ते आम्ही बघत होतो. जंतूंमुळे रोग वाढतो की रोगामुळे जंतू बदलतात, हे अजून छातीठोकपणे सांगता येत नाही, असं सर रोज बजावायचे. मी रोज मान डोलवायचे.

शोधाला आजारी माणसं लागतात तशी निरोगीही लागतात. आजारी बिचारे हो म्हणतात. निरोगी पुरुष मात्र डबीचं नाव काढलं की पळ काढतात. शेवटी सर वैतागून म्हणाले, "घरात पन्नाशी ओलांडलेला, लघवीची कसलीही तक्रार नसलेला पुरुष असेल तर पकडून आणा." माझ्या घरात असे दोन होते.

एक माझे वडील, दादा. वय चौऱ्याहत्तर. आई गेल्यापासून आमच्याकडे राहतात. जन्मभर त्यांनी वजनकाटे दुरुस्त केले, दागिन्यांच्या दुकानातले नाजूक आणि गोदामातले अवाढव्य. स्वभावही तसाच, जरा कुठे खट्ट झालं की हलणारा. दुसरा माझा नवरा. तो गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शिकाऊ माणसाच्या शेजारी, जादा ब्रेकवर पाय ठेवून बसलं की एक तर माणसाची वाचा जाते नाहीतर जीभ सैल सुटते. त्याची सुटली आहे. टिंगल केल्याशिवाय त्याला घास उतरत नाही.

अर्ज भरायला दादांनी पाऊण तास लावला. रात्री किती वेळा उठता, या प्रश्नापाशी चष्मा पुसला आणि "एकदा, क्वचित दोनदा" असं सुवाच्य अक्षरात लिहिलं. नवऱ्याने गाडीच्या बॉनेटवर कागद ठेवून सगळ्या प्रश्नांपुढे फटाफट "नाही"वर खुणा केल्या आणि म्हणाला, "विज्ञानासाठी एवढंच मागितलंस ना? मला वाटलं किडनी मागतेस."

डब्यांवर नाव नसतं, नंबर असतो. कोणता नंबर कोणाचा, ते सरांच्या कपाटात कुलूपबंद. तपासणाऱ्याला कळता कामा नये, असा नियम. पण घरच्या दोन डब्यांवर चिकटपट्टी मीच लावलेली. दादा एकेचाळीस, नवरा सतरा. हे नंबर विसरायचे असं मी ठरवलं. ठरवून कोण काय विसरलंय?

नमुन्यातून जंतूंचा डीएनए काढून तो प्लास्टिकच्या प्लेटमध्ये भरतात. तळहाताएवढी प्लेट, तिला शहाण्णव घरं, एका घरात एक माणूस. कोण कुठल्या घरात ते कॉम्प्युटर चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो. तिसऱ्या प्लेटच्या पहिल्या घरात दादा आले आणि अगदी शेवटच्या घरात नवरा. मी जेवताना ते सांगितलंसुद्धा, नियम धाब्यावर बसवून. दादा म्हणाले, "बरोबर आहे. जावईबापू कुठेही शेवटीच पोचणार." नवरा सगळ्यांत मोठ्याने हसला.

पाच आठवड्यांनी निकाल आले. ते आमच्या आकडेवालीच्या पडद्यावर दिसतात. ही बाई कॉम्प्युटरवर सगळा हिशोब लावते, म्हणून तिचं नाव आकडेवाली. प्रत्येक माणूस म्हणजे एक ठिपका, जंतू सारखे असतील तर ठिपके जवळ. पहिल्या दोन प्लेटांत आजारी एकीकडे, निरोगी दुसरीकडे, असे दोन घोळके छान दिसत होते. तिसरी प्लेट मात्र सांडलेल्या मोहरीसारखी. कोणीही कुठेही.

"माणसं आहेत, मनासारखी वागणारच," सर म्हणाले, पण त्यांचं तोंड उतरलं होतं.

माझं सरांच्या तोंडाकडे लक्ष नव्हतं. मी एकेचाळीस शोधत होते. तो ठिपका मला डावीकडे सापडला, ज्यांचा आजार इंजेक्शनांना दाद देईनासा झाला होता त्यांच्या बरोबर मधोमध. आकडेवालीने त्यावर बाण नेला तर शेजारी यादी उघडली. हार्मोन बनवणारे जे जंतू आम्ही शोधत होतो, ते या एका नमुन्यात पोत्याने होते. सतरा नंबर उजवीकडे, निरोगी लोकांत आरामात बसला होता. त्याला कशाला काय होतंय, असं माझ्या मनात आलं.

मी संडासात जाऊन दार लावून उभी राहिले. ठिपक्यावरून रोग ठरत नाही, मी स्वतःला सांगत होते, आणि त्याच वेळी दादा किती वेळा उठतात, हल्ली हळू चालतात का, पाठ दुखते म्हणाले होते ते कधी, हे सगळं मोजत होते. सरांना विचारावं तर मी नंबर ओळखते हे कबूल करावं लागणार. गप्प बसावं तर बापाच्या पोटात काय चाललंय ते माहीत असून गप्प बसणारी मुलगी मी.

दोन दिवस मी गप्प बसले. तिसऱ्या दिवशी सकाळी दादा दाढी करत होते आणि मी दारात उभी राहून बघत होते. आरशातून ते म्हणाले, "काय गं, मी काय आज पहिल्यांदा दाढी करतोय?" मग मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी अर्ध्या गालावरचा साबण तसाच ठेवला आणि स्टुलावर बसले. "म्हणजे मला आहे?"

"तसं नाही, दादा. फक्त एक रक्ताची तपासणी करून घेऊ."

"मग तू रडतेस कशाला?"

त्या दिवसापासून आमच्या घराचा सूरच बदलला. दादा घाबरले, आणि त्यांनी ते लपवलं नाही. "मला भीती वाटते," असं ते सरळ म्हणायचे, कधी ताट समोर असताना, कधी पेपर वाचता वाचता. त्यांनी पितळी वजनांची पेटी काढून एकेक वजन पुसलं आणि कोणतं कोणाला द्यायचं त्याच्या चिठ्ठ्या केल्या. मी ओरडले त्यांच्यावर. ओरडून झाल्यावर स्वयंपाकघरात जाऊन मी त्यांच्याहून जास्त घाबरले.

नवऱ्याचं वागणं मला कळेना. एरवी टिंगल करणारा माणूस, पण आता जेवताना दादांना प्रश्न विचारायचा. कधी उठता, जळजळ होते का, डॉक्टर काय काय तपासतात, दुखतं का. मला वाटलं, बरं झालं, जावयाला सासऱ्याची काळजी आहे. मधेच तो मोठ्याने हसायचा आणि म्हणायचा, "दादा, घाबरायचं काय त्यात? तुमच्या लेकीचे किडे काय परमेश्वर आहेत का?" मला त्याचा राग यायचा. त्याची पाण्याची बाटली संध्याकाळी जवळपास भरलेली परत यायची, त्यावरूनही एकदा मी बोलले. शिकाऊ लोकांपुढे पाणी प्यायला वेळ कुठे मिळतो, असं तो म्हणाला. माझं अर्धं लक्षही तिकडे नव्हतं.

डॉक्टरांनी दादांचं रक्त घेतलं आणि हातमोजा चढवून मागच्या बाजूने बोटाने करायची ती तपासणीही केली. दादा बाहेर आले ते लालबुंद होऊन. "चौऱ्याहत्तर वर्षं अब्रूने जगलो," एवढंच म्हणाले. रक्ताच्या निकालाला तीन दिवस लागणार होते. ते तीन दिवस मी कसे काढले, माझं मला माहीत. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे.

निकाल चांगला आला. आकडा वयाच्या मानाने अगदी कमी, हाताला काही लागलेलं नाही. डॉक्टर म्हणाल्या, "यांना काहीही झालेलं नाही. यांना कोणी घाबरवलं?"

दादा खुर्चीत बसून हसले आणि हसता हसता रडले. मला वाटलं होतं आम्हा तिघांत सगळ्यांत जास्त आनंद मला होईल. पण नवऱ्याने तर घर डोक्यावर घेतलं. दादांना मिठी मारली, त्यांना शिकवायच्या गाडीत बसवून गावभर फिरवून आणलं, रात्री दोनदा वाढून घेतलं. "म्हणजे तुमचं ते जंतूंचं सगळं थोतांड ना?" त्याने मला विचारलं. मी म्हणाले, थोतांड नाही, पण नक्की काही सांगता येत नाही. थोड्या वेळाने त्याने पुन्हा तेच विचारलं. "थोतांडच म्हणायचं," असं स्वतःच उत्तर देऊन तो झोपायला गेला.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तेव्हा दादा चप्पल शोधत होते. भीती गेली तसा त्यांच्यातला कारागीर जागा झाला होता. "एक सांग," ते म्हणाले. "काटा चुकीचं वजन दाखवायला लागला की मी माल बघत नसे. आधी काटा शून्यावर आहे का ते बघे. तुम्ही बघितलं का?"

"दादा, आमच्याकडे काटा नसतो."

"मग जे काही असतं ते बघ."

म्हाताऱ्या माणसाचं बोलणं म्हणून मी सोडून देणार होते. पण वाटेत तिसरी प्लेट डोक्यात फिरत राहिली. शहाण्णव माणसं एकदम कशी वाट चुकतील? एक चुकेल, दोन चुकतील.

प्रयोगशाळेत गेल्या गेल्या मी कपाट उघडलं. नेहमीचा माल अडकला होता म्हणून मधे आम्ही प्लेटांचा एक खोका दुसरीकडून मागवला होता. त्यातली एकच वापरली होती, ती तिसरी. प्लेटची सरळ बाजू कळावी म्हणून तिचा एक कोपरा कापलेला असतो. आमच्या जुन्या प्लेटांत तो पहिल्या घराजवळ असतो, आणि एकवीस वर्षं माझा हात न बघता त्या कोपऱ्यावर जातो. मी खोक्यातली कोरी प्लेट काढून खिडकीपाशी धरली. कडेला घरांच्या रांगांची बारीक अक्षरं होती, पारदर्शक प्लास्टिकवर उठवलेली. कापलेला कोपरा शेवटच्या घराजवळ होता.

म्हणजे मी अख्खी प्लेट उलटी भरली होती. पहिला शेवटी गेला होता आणि शेवटचा पहिल्या जागी. दुसरा शेवटून दुसऱ्याच्या जागी. सगळेच एकमेकांच्या घरात. यंत्राने प्लेट सरळ वाचली आणि दादांच्या नावावर भलत्याच माणसाचे जंतू लावले.

मला आधी हायसं वाटलं. खरंच सांगते, चांगलं अर्धं मिनिट मला हायसं वाटलं, की दादांचे जंतू तसले नव्हतेच. मग मी प्लेट टेबलावर ठेवली आणि शेवटच्या घरात कोण होतं ते आठवलं.

आकडेवालीला मी फक्त चूक सांगितली. तिने यादी उलटी करून पुन्हा हिशोब लावला. दहा मिनिटांत पडद्यावर ठिपके हलले आणि दोन स्वच्छ घोळके झाले, पहिल्या दोन प्लेटांसारखे. सर मला रागावले, आणि रागावता रागावता हसू लागले, कारण त्यांचा दोन वर्षांचा शोध वाचला होता. "एकच ठिपका चुकार आहे," पडद्यावर बोट ठेवून ते म्हणाले. "निरोग्यांतला दिसतोय, पण आजाऱ्यांत जाऊन बसलाय. असू दे, एखादा असतोच."

सरांच्या बोटाखाली सतरा नंबर होता.

मी अर्धी रजा टाकली. कारण विचारलं तर काय सांगितलं, ते आठवत नाही.

नवऱ्याची शिकवायची गाडी नेहमीप्रमाणे मैदानाच्या कडेला उभी होती. दोन शिकवण्यांच्या मधे तो तिथेच डबा खातो. मी दार उघडून शिकाऊच्या सीटवर बसले. त्याने डबा बंद केला. "दादा बरे आहेत ना?"

"दादा बरे आहेत." मी स्टिअरिंग धरून बसले होते. "मी तिसरी प्लेट उलटी भरली होती. दादांच्या नावावर जे आलं, ते दादांचं नव्हतं. पहिल्या घरात शेवटचा माणूस गेला होता."

शेवटचा कोण, असं तो विचारील आणि मला नाव घ्यावं लागेल, अशी मला धास्ती होती. त्याने विचारलं नाही. बाजूच्या आरशाकडे बघत तो म्हणाला, "शेवटी मी होतो."

"त्यावरून काही ठरत नाही. सर रोज सांगतात. कोणाच्याही पोटात कसलेही जंतू असू शकतात. एक रक्ताची तपासणी करू, झालं." दादांना सांगितलेलीच वाक्यं मी त्याच आवाजात म्हणत होते, आणि ती मला तेव्हाही खरी वाटली नव्हती.

"रक्त जातं," तो म्हणाला. "लघवीतून. रोज नाही जात."

"कधीपासून?"

"चार महिने झाले."

माझ्या डोळ्यांसमोर बॉनेटवरचा तो कागद आला आणि मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. "आणि अर्जावर नाही लिहिलंस?"

"तेव्हा दोनदाच झालं होतं. म्हटलं, दिवसभर गाडी तापते, उष्णता असेल. मग पाणी कमी केलं, सारखं थांबावं लागू नये म्हणून. शिकाऊ माणसासमोर किती वेळा उतरणार?" त्याने डब्याची कडी उघडली आणि पुन्हा लावली. "दादांचं ऐकलं तेव्हा मला आधी माझंच आठवलं. मी तुम्हा दोघांना हसत होतो आणि आत पार घाबरलो होतो. ते डॉक्टरांकडे काय काय सांगतात, ते ऐकून मोजत बसायचो, माझं त्यात काय जुळतं. मग त्यांचा निकाल आला. तुझ्या किड्यांनी दादांना धरलं होतं आणि दादांना काहीच निघालं नाही. त्या दिवशी मला किती बरं वाटलं, तुला नाही कळायचं. म्हटलं, ते खोटं तर माझंही काही नसेल. दोन वेळा विचारलं तुला."

त्या रात्री त्याने दोनदा वाढून घेतलं होतं आणि मी कौतुकाने वाढलं होतं. दादांच्या वेळी मला भीतीने रडता तरी येत होतं. आता तो माझ्याकडे बघत होता आणि मला रडून चालणार नव्हतं.

काचेवर टकटक झाली. पुढची शिकाऊ आली होती, बॅग छातीशी धरून. त्याने काच खाली केली. "ताई, आज नाही जमणार. उद्या फोन करतो." ती बाई आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून मागे सरकली.

"आत्ता जायचं," मी म्हणाले. "दादांना तपासलं त्याच डॉक्टरांकडे."

"आत्ता नको. उद्या सकाळी जाऊ."

"आत्ता."

त्याने वाद घातला नाही. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, वाद न घालता त्याने कधी ऐकलं असेल तर मला आठवत नाही. मी गाडी सुरू करायला किल्लीकडे हात नेला, एवढ्यात त्याने माझं मनगट धरलं.

"चार महिने जास्त होतात का गं?"

दिवसभर मी या रोगाच्या माणसांचे नमुने हाताळते. कोण किती उशिरा आला आणि त्याचं पुढे काय झालं, हे सगळं कागदांवर असतं, आणि ते कागद मी वाचलेले आहेत.

"नाही," मी म्हणाले. "चार महिने काहीच नाहीत."

त्याने माझं मनगट सोडलं आणि सीटचा पट्टा लावला. त्याचा माझ्यावर विश्वास बसला होता.